चाकाला वंगण

आमच्या गाडीचा ब्रेक ओरडायचा. पळताना गाडी गुमान असायची. थांबायची वेळ आली आणि ह्यांनी ब्रेकवर पाय ठेवला की पत्र्याची पेटी फरशीवरून ओढत न्यावी तसा आवाज निघायचा. म्हणजे जिथं चार माणसं उभी असतील नेमकी तिथंच.

आमचे हे म्हणायचे, "वापरलेली गाडी हाय. नवी नवरी हाय का लाजायला?"

गाडीच्या वाटचं लाजायचं काम मग माझ्याकडं आलं.

मला माणसांनी वळून बघितलेलं सोसत नाही. लहानपणापासूनचं आहे. लग्नातसुद्धा मी मान वर केली नव्हती. नवरा दिसायला कसा आहे ते मला सासरी आल्यावर, हे भाजीत मीठ नाही म्हणून रुसून ताटावरून उठले, तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

गाडी घेतल्यावर आम्ही पहिल्यांदा माझ्या माहेरी गेलो, गंगाखेडला. गल्लीच्या तोंडाशी ह्यांनी ब्रेक दाबला आणि दोन्हीकडच्या ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली. एका म्हाताऱ्यानं हातात काठी घेतली. मी सीटखाली वाकून चप्पल शोधायला लागले. चप्पल पायातच होती.

त्यानंतर वालूरला नात्यात बारसं होतं. मी सांगितलं, मी एसटीनं जाते. ह्यांनी अडवलं नाही, पण गाडीही सोडली नाही. मी एसटीत आणि हे गाडीत, असे आम्ही नवराबायको एकाच गावाला निघालो. मी वालूरच्या स्टँडवर उतरले तर हे आधीच येऊन उसाचा रस पीत बसलेले. "या. प्रवास बरा झाला का?" म्हणाले, पाहुण्यांना विचारावं तसं. बारशाच्या घरी तेवढ्यात बातमी पोचली होती की ह्या दोघांचं काहीतरी बिनसलंय. एका मावशीनं मला बाजूला घेऊन समजावून पण सांगितलं.

यंदा धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा हा अधिक महिना येतो, आणि आमच्याकडं त्यात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे जेवायला घालतात. दारात पाय धुतात, ओवाळतात, कपडे करतात. जावई कितीही म्हातारा होवो, त्या दिवशी तो नवाच. ह्यांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, तरी भावाचा फोन आला तसे हे आरशासमोर जाऊन उभे राहिले.

मी म्हणलं, "आवाज गेला तर गाडीनं येते. नसता मी एसटीनं."

"धोंड्याचं वाण जोडीनं घ्यायचं असतंय. मी एकटा गाडीतून उतरलो तर तुझी वहिनी काय म्हणंल?"

"म्हणंल, आवाजाला भिऊन मागं राहिली."

"तुझ्यासाठी म्हणून गाडी घेतली," हे म्हणाले. गाडी घेतली तेव्हा मला विचारलं नव्हतं, रंगसुद्धा नाही. पण तसं म्हणताना ह्यांचं तोंड खरंच पडलं होतं. ह्यांना सासरच्या दारात गाडीतून जोडीनं उतरायचं होतं, एवढंच. मलाही जायचं होतं, ह्यांच्या शेजारी बसूनच जायचं होतं. फक्त कोणी बघायला नको होतं.

परभणीच्या मिस्त्रीनं मागंच सांगितलं होतं की ब्रेकचे पॅड झिजलेत, बदला. हे म्हणाले, त्याला विकायचेत म्हणून तो तसं म्हणतोय. आमच्याकडं मिस्त्री जे सांगतो त्याच्या निम्मं खरं धरायची पद्धत आहे. कोणतं निम्मं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं. ह्यांनी ठरवलं की पॅड घासून पुसून चालतील आणि ते काम आपल्या गावात, पेडगावला, आपल्या अंगणात आपण करू.

लेक नांदेडला नर्सिंग शिकते. तिनं ह्यांच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवला. ह्यांचे हात काळे होणार म्हणून फोन धरायचं काम मला आलं. धोंड्याच्या आदल्या दिवशी सकाळीच, ऊन चढायच्या आत, हे कामाला लागले. मागच्या चाकांना दगड लावले, पुढं जॅक लावला, चाक काढून भिंतीला टेकवलं. आत एक लोखंडाची ताटली असते. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटीत धरतात आणि गाडी थांबते. हे मला तेव्हाच कळलं. इतके दिवस मी समजत होते की ब्रेक दाबला की इंजिन थांबतं.

व्हिडिओतला माणूस हिंदीत बोलत होता. पॅड काढा, कडा घासा, पॉलिश पेपर मारा, फडक्यानं पुसा. आणि दर थोड्या वेळानं म्हणायचा की ताटलीला आणि पॅडला तेल-ग्रीस अजिबात लागू देऊ नका, ब्रेक धरणार नाही. इतक्या वेळा म्हणाला की मला वाटलं, ह्याच्या घरात कोणीतरी लावलंच असणार.

हे मधेच म्हणायचे, "मागं घे. थोडं मागं." मी मागं घ्यायला जायचे आणि भलतंच काहीतरी सुरू व्हायचं. एकदा तर एक बाई पनीरची भाजी करून दाखवायला लागली.

"ही काय म्हणायलीय?"

"कांदा लाल होऊ द्या म्हणायलीय."

लिंबाखाली बाजेवर सासरे बसले होते. त्यांनी जन्मभर बैलगाडी हाकली. आता बैल विकलेत, गाडी विकली, पण एक म्हैस आहे आणि वंगणाचा डबा आहे. तो डबा त्यांनी विकू दिला नाही. जळकं ऑइल, ग्रीस आणि आणखी काय काय कालवून ते वंगण करायचे, आणि गावातली माणसं मागायला यायची. कुठलंही चाक कुरकुरलं की ते डबा घेऊन उठतात. माझ्या शिवणयंत्रालासुद्धा त्यांनी एकदा वंगण घातलं होतं. त्यानंतरचा पहिला ब्लाउज मी कोणाला दाखवला नाही.

"चाक ओरडायलंय म्हणजे वंगण मागायलंय," ते बाजेवरून म्हणाले.

"दादा, ही बैलगाडी न्हाई."

"तिला दोनच चाकं होती. हिला चार हायत. जास्ती लागंल."

"ह्याला वंगण चालत न्हाई."

"न चालायला काय झालं? लोखंडच हाय की."

हे कडा घासत राहिले. म्हाताऱ्या माणसाला उत्तर दिलं नाही की तो ऐकून गप्प बसला असं ह्यांना वाटतं. सासरे तेव्हाच गप्प बसतात जेव्हा त्यांच्या डोक्यात काहीतरी सुरू झालेलं असतं.

इथं एक सांगायला पाहिजे. मी सासऱ्यांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, काही नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा डोक्यावर पदर आणि तोंड बंद, अशी रीत होती. पुढं गावातल्या इतर सुना हळूहळू बोलायला लागल्या, मी मात्र राहूनच गेले. सासूबाई होत्या तोवर त्या मधे असायच्या. "मामांना विचारा चहा टाकू का," मी म्हणायचे, आणि मामा तिथंच बसून म्हणायचे, "तिला सांग, टाक." सासूबाई वारल्यावर मधलं माणूस गेलं. मग ते काम म्हशीकडं आलं. मी गोठ्यात जाऊन म्हशीला म्हणायचे, "भाकरी झाली गं बाई, ताट वाढलंय." सासरे खाकरून उठायचे आणि जाता जाता तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "हिरवी मिरची असंल तर दोन ठेवायला सांग." म्हशीनं कधी तक्रार केली नाही.

डावीकडचं चाक झालं. उजवीकडचंही झालं, पॅड बसले, फक्त चाक चढवायचं राहिलं. तेवढ्यात पाना निसटून नट घरंगळला आणि कुठं गेला तो सापडेना. हे मोटारसायकल काढून रोडवरच्या पंक्चरवाल्याकडं तसला नट बघायला गेले. मी फोन ठेवला आणि भाकरी थापायला बसले.

चुलीपुढून अंगण दिसतं. सासरे बाजेवरून उठले. इकडं तिकडं बघितलं. गोठ्यात गेले आणि डबा घेऊन आले. चिंधी बांधलेली काडी डब्यात बुडवली आणि गाडीपुढं उकिडवे बसले. मग त्या ताटलीला, लेकराला तेल लावावं तसं, फिरवून फिरवून वंगण लावायला लागले. पॅडच्या फटीत काडी घालून आतूनही लावलं. त्यांच्या तोंडावर इतकं समाधान होतं की मला क्षणभर वाटलं, लावू द्यावं.

मी हात धुतले आणि गोठ्यात गेले. म्हशीला म्हणलं, "त्या लोखंडाला वंगण चालत नसतंय गं. फोनमधला माणूस तसं सांगत होता."

सासऱ्यांनी मान वर केली नाही. "तिला म्हणावं," ते म्हशीला म्हणाले, "फोनमधल्या माणसानं कधी चाक वंगलंय का, विचार."

"ब्रेक लागत न्हाई म्हणे मग."

"आवाज जातो का न्हाई? आवाजासाठीच चाललंय सगळं. तिलाच लाज वाटायलीय ना माहेरी जायाला? म्हणून तर करायलोय."

मग ते उठून गोठ्यात आले आणि आवाज खाली आणून म्हशीच्या कानाजवळ म्हणाले, "आणि पोराला सांगायचं न्हाई म्हणावं. आवाज गेला की मग बघू त्याचं तोंड."

आता आली का पंचाईत. माझ्यासाठी म्हणून म्हातारा उन्हात बसून चाकाला वंगण लावतोय, आणि वर मला गुपितात घेतलंय. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मला काही सांगितलं, म्हशीच्या कानात का होईना. मी भाकरी उलटायला गेले. म्हणलं, हे आले की ह्यांना हळूच सांगू. उघडी ताटली आहे, ह्यांना दिसेलच.

पण सासऱ्यांनी पुढचंही काम उरकून टाकलं. घरंगळलेला नट त्यांच्याच बाजेखाली होता. चाक उचललं, बसवलं, नट आवळले. हे आले तेव्हा चाक जागेवर आणि सासरे हात पुसत उभे.

"तुमी बसवलं, दादा?"

"बसवलं. चाक बसवायला काय शाळा लागते?"

हे खूष झाले. पाना एकदा फिरवून बघितला, नट घट्ट होते. जॅक काढला, दगड काढले. "चला, कालव्याच्या उतारावर बघू आवाज येतो का," म्हणून गाडीत बसले. सासरे एरवी गाडीत बसतच नाहीत, त्यांना मळमळतं. त्या दिवशी ते दार उघडून पुढं बसले. त्यांना ह्यांचं तोंड बघायचं होतं.

सासऱ्यांसमोर हळूच कसं सांगावं, ह्यातच माझा वेळ गेला. मी पिठाच्या हातानं बाहेर आले. अहो अहो केलं, पण काच वर होती आणि गाडी सुरू झाली होती. कालव्याचा उतार आमच्या घरापासून लांब नाही, आणि उताराच्या तळाला कालवाच आहे. मी जाऊन गाडीपुढं उभी राहिले. ह्यांनी काच खाली करून विचारलं, "काय? दळण आणायचंय का?"

मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. पलीकडच्या खिडकीशी गेले आणि म्हणाले, "मामा, तुमी उतरा खाली. चाकाला वंगण लागलंय. उतारावर ब्रेक धरायचा न्हाई."

ह्यांनी गाडी बंद केली. सासरे पुढं बघत बसले. हे एकदा माझ्याकडं बघायचे, एकदा त्यांच्याकडं.

"तू दादांना बोललीस?" ह्यांनी विचारलं.

"ब्रेकला वंगण लागलंय म्हणलं मी."

"ते कळलं. पण तू दादांना बोललीस."

"आतून पण लागलंय. काडी घालून लावलंय."

"दादा, ही तुमाला बोलली का?"

"बोलली," सासरे म्हणाले. "सगळ्यासमोर बोलली."

ते उतरले आणि बाजेवर जाऊन बसले. मला वाटलं, आता हे आज जेवत नाहीत. पिठाचा हात पदराला लागलेला, तसाच घेऊन मी अंगणात उभी. काय करावं कळेना. गोठ्यात जावं का, असंही मनात आलं. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"एवढं सरळ बोलाया येतंय, तर मघाशी म्हशीला कशाला मधी घातलं होतंस? तिच्याकडून ऐकलं की माणूस तेवढं मनावर घेत न्हाई."

मी म्हणलं, "तुमीच तिच्याशी बोलत होता."

"म्हणजे माझंच चुकलं," सासरे म्हणाले. "भाकरी जळायलीय तुझी."

भाकरी खरंच जळत होती.

चाक पुन्हा काढलं. ताटली पेट्रोलनं पुसली, घासली, पुन्हा पुसली. पण पॅड वंगण प्यायले होते. कितीही पुसले तरी काळा ओघळ येतच होता. शेवटी ह्यांनी कबूल केलं की नवे आणावे लागतील, म्हणजे मिस्त्रीनं सांगितलं होतं तेच. सासरे म्हणाले, मी पण येतो, जी वस्तू वंगण खात नाही ती मला बघायचीय. दोघं मोटारसायकलवर परभणीला गेले. दुकानात सासऱ्यांनी पॅड हातात घेऊन उलटे सुलटे केले म्हणे, आणि दुकानदाराला विचारलं, "कोरडंच वापरायचं?"

"कोरडंच, आजोबा."

"मग झिजंल की."

"झिजायलाच असतंय ते."

हे त्यांना पटलं नाही. झिजायलाच म्हणून कारखान्यात वस्तू करतात, हे त्यांनी वाटेत भेटलेल्या दोन माणसांना आणि घरी आल्यावर मला सांगितलं. मला सांगितलं, म्हणजे माझ्याकडं बघून. मी "हं" म्हणलं. मग थोड्या वेळानं, नुसतं "हं" बरं दिसत नाही म्हणून, "मग वहाण पण तसलीच की" म्हणलं. सासऱ्यांनी आपली एक वहाण काढली आणि उलटी करून तळ बघितला.

उन्हं उतरल्यावर नवे पॅड बसले. ह्या वेळी डबा कुलपात होता आणि किल्ली माझ्या कमरेला. गाडी आधी घराभोवती सावकाश फिरवून ब्रेक बघितला, मग उतारावर नेली. हे परत आले ते पायी आल्यासारखे. गाडी दारात येऊन थांबली तरी मला आतून कळलं नाही.

"शेवटी आवाज माझ्या वंगणानंच गेला," सासरे म्हणाले. "मी लावलं नसतं तर हा जुनंच घासत बसला असता."

हे हात धुवायला गेले, कारण ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गंगाखेडला निघालो. हे इस्त्रीचे कपडे घालून, मी ह्यांच्या शेजारी. परभणीत दोनदा, पोखर्णीच्या फाट्यावर एकदा, असं थांबावं लागलं आणि दर वेळी मी सवयीनं मान खाली घातली. कोणी बघितलं नाही. गंगेच्या पुलावर तर मी काच खाली करून पाणी बघत बसले. पाणी थोडंच होतं.

गल्लीत वळलो. भावाच्या दारासमोर गाडी थांबली. एक पान हलल्याचाही आवाज झाला नाही. आणि कोणी बाहेर आलं नाही.

हे बसून राहिले. धोंड्याचा जावई आपण होऊन आत शिरत नाही, त्याला दारातून ओवाळून नेतात. आतून भांड्यांचा आवाज येत होता, तळणाचा वास येत होता. ऊन काचेतून थेट ह्यांच्या मिशांवर पडलं होतं.

"हॉर्न वाजवा," मी म्हणलं.

"जावयानं हॉर्न वाजवायचा? मी काय गॅसची टाकी घेऊन आलोय?"

"मग फोन करा."

"दारात बसून फोन करू, की मला ओवाळा?"

घाम ह्यांच्या कॉलरपर्यंत आला. नव्या बनियनपासून सगळं भिजत होतं. तरी हे पुढं बघत ताठ बसलेले, फोटो काढायला बसल्यासारखे.

"तू हाक मार," हे म्हणाले.

"भर गल्लीत?"

"काल तर गाडी अडवली होतीस."

मी उतरले. दोन्हीकडच्या ओट्यांवर बायका गहू निवडत होत्या. त्यांनी अजून वर बघितलं नव्हतं. आत जाऊन हळूच वहिनीला सांगता आलं असतं, पण ह्यांना तिथं एकट्याला बसवून मी आधी आत गेले असते तर ते काही जोडीनं आलो असं झालं नसतं. मी गाडीच्या दाराला हात धरून उभी राहिले आणि हाक मारली, "वहिनी, आम्ही आलोत." आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला.

वहिनी पिठाच्या हातानं धावत आली. "अगं बाई, कवाचे आलात? आमी कान लावून बसलाव तर आवाजच न्हाई. दाजी, उतरू नका, थांबा, तांब्या आणते." आणि परत आत पळाली. हे, जे उतरणारच नव्हते, आणखी ताठ झाले.

ओट्यावरच्या सगळ्या बायका आता माझ्याकडंच बघत होत्या. त्यातली एक माझ्याबरोबर शाळेत होती. तिच्या मांडीवर सूप होतं आणि केस सगळे पिकले होते. मी पदर सारखा केला आणि तिला विचारलं, "बरं हाय का?"

ती म्हणाली, "बरं हाय. तू कशी हायस?"

मी गाडीला टेकून उभी राहिले आणि वहिनी तांब्या घेऊन येईपर्यंत आम्ही बोलत होतो.